दोन खांबांमधले पाणी

मुंबई आता जमिनीपुरती उरलेली नाही. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात किनारी रस्त्याचा पहिला टप्पा वाहतुकीस मोकळा झाला. वांद्र्याहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या सागरी सेतूचे बांधकाम चालू आहे, आणि त्याही पलीकडे उत्तरेला किनारी रस्ता नेण्याची तयारी झालेली आहे. या सर्व बांधकामांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात ती वरच्या अंगाची: ताणलेल्या दोरखंडांची, रोषणाईची आणि विनाअडथळा धावणाऱ्या मोटारींची. ज्याच्यावर हे सारे उभे आहे तो खांब मात्र छायाचित्रात अर्धाच दिसतो. त्याचा उरलेला अर्धा भाग पाण्यात व पाण्याखालच्या चिखलात असतो, आणि या शहराच्या भवितव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे जे काही घडते, त्यातले बरेचसे याच न दिसणाऱ्या अर्ध्या भागापाशी घडते.

समुद्रात रोवलेला खांब हा अभियंत्याच्या लेखी भार वाहून नेण्याचे साधन आहे. वरचे ओझे त्याने खालच्या खडकापर्यंत पोहोचवावे, लाटांना व भूकंपाला दाद देऊ नये आणि शंभर वर्षे गंजू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. समुद्राच्या लेखी मात्र तो एक नवा खडक असतो. पाण्यात पडलेली कोणतीही कठीण वस्तू फार काळ मोकळी राहत नाही. प्रथम तिच्यावर सूक्ष्म जिवाणूंचा व शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. त्या थरावर पाण्यातून वाहत आलेली, डोळ्यांना न दिसणारी पिले चिकटतात. आणि काही महिन्यांतच बार्नेकल, कालवे, शिंपले, नळीत राहणारे कृमी व स्पंज यांची वस्ती उभी राहते. या वस्तीतही मजले असतात. भरतीच्या कमाल रेषेजवळ कोरडे पडणे सोसणारे बार्नेकल, त्यांच्या खाली कालवे व शिंपले, आणि सतत पाण्याखाली असलेल्या भागात स्पंज, समुद्रपुष्पे व मऊ प्रवाळ. एकाच खांबावर, चार-पाच मीटरांच्या उंचीत, किनाऱ्यावरच्या खडकाची संपूर्ण उतरंड पाहावयास मिळते. मग खेकडे येतात, कोळंबी येते, त्यांच्या मागोमाग लहान मासे येतात, आणि लहान माशांमागून मोठे मासे व पक्षी येतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बसेल्टन येथील १८४१ मीटर लांबीच्या लाकडी जेटीचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. लाकूड चढविण्यासाठी १८६५ साली बांधावयास घेतलेल्या या जेटीची व्यापारी उपयुक्तता केव्हाच संपली; पण तिच्या खांबांवर प्रवाळांची व स्पंजांची अशी समृद्ध वसाहत झाली की ती पाहण्यासाठी २००३ मध्ये जेटीच्या टोकाशी पाण्याखाली उतरणारी वेधशाळा बांधावी लागली.

माणूस आणि समुद्र यांचे खांबावरून चाललेले हे भांडण-सहकार्य फार जुने आहे. व्हेनिस शहर चिखलात ठोकलेल्या असंख्य लाकडी खुंटांवर उभे आहे, आणि ते खुंट शतकानुशतके टिकले याचे कारण असे की चिखलात प्राणवायू पोहोचत नाही व त्यामुळे लाकूड कुजत नाही. उलट, अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात हॉलंडमधील बांधांचे लाकूड टेरेडो नावाच्या लाकूड पोखरणाऱ्या जलचराने आतून पोकळ करून टाकले, तेव्हा बराच भाग समुद्रसपाटीखाली असलेला तो सारा देश हादरला आणि बांधांना लाकडाऐवजी दगडाचे अस्तर द्यावे लागले. आपल्याकडे कोकणच्या व उत्तर मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना तर समुद्रात खुंट रोवण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. बोंबील आणि जवळा ज्यात सापडतो ते डोल जाळे समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधले जाते, आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच त्यात मासळी आणून भरतो. खुंट कोठे रोवावा, प्रवाह कोणत्या तिथीला किती जोराने वाहतो, तळ कोठे मऊ व कोठे कठीण, हे ज्ञान या समाजाजवळ कोणत्याही अहवालाच्या आधीपासून आहे. समुद्रात खांब उभा करणारे या किनाऱ्यावरचे पहिले अभियंते कोळी होते, ही गोष्ट आजच्या अभियंत्यांनी विसरू नये.

मोठ्या बांधकामाची पर्यावरणविषयक कागदपत्रे पाहिली, तर खांबाविषयी दोन प्रकारचे युक्तिवाद आढळतात. पहिला असा की, खांबांनी व्यापलेले समुद्रतळाचे क्षेत्रफळ एकूण खाडीच्या मानाने नगण्य असल्यामुळे त्याचा परिणामही नगण्य होय. दुसरा असा की, खांबांवर जलचरांची वाढ होत असल्यामुळे बांधकामाने हानी न होता उलट लाभच होतो. हे दोन्ही युक्तिवाद अर्धसत्य आहेत, आणि अर्धसत्याचा धोका असा की त्यातील खरा भाग पुढे करून खोटा भाग खपविता येतो. खांबाचा परिणाम त्याच्या बुंध्याच्या वर्तुळापुरता नसतो. तो प्रवाह अडवितो, त्यामुळे बुंध्याशी तळ खरवडला जातो आणि आडोशाला गाळ साचतो. वरचा रस्ता रुंद असेल तर पाण्यावर कायमची सावली पडते. खांब हातोड्याने ठोकून बसविला तर त्याच्या आवाजाने पोटात हवेची पिशवी असलेले मासे जायबंदी होतात किंवा मरतात. आणि लाभाचे म्हणाल तर, खडकावर राहणाऱ्या जिवांना नवा खडक मिळाला याचा अर्थ चिखलात राहणाऱ्या जिवांचे घर वाचले असा होत नाही. एकाचे घर पाडून दुसऱ्याला घर दिले आणि घरांची एकूण संख्या कायम राहिली म्हणून समाधान मानणे, हा हिशेब गृहनिर्माण खात्यातही चालत नाही. समुद्रात तो कसा चालावा?

या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण न्यूयॉर्क शहराने घालून दिले आहे. मॅनहॅटनच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा उन्नत महामार्ग डिसेंबर १९७३ मध्ये एका मालमोटारीच्या भाराने कोसळला. त्या मोटारीत रस्तादुरुस्तीचेच डांबर होते, हा दैवदुर्विलास. त्याच्या जागी ‘वेस्टवे’ नावाचा नवा महामार्ग बांधण्याची योजना पुढे आली. हडसन नदीच्या काठाने सुमारे पावणेसात किलोमीटर लांबीचा हा मार्ग, नदीत भराव घालून, बहुतांश त्या भरावाखालून जावयाचा होता. खर्च दोन अब्ज डॉलरांच्या वर आणि त्यातील नव्वद टक्के वाटा केंद्र सरकारचा. राज्याचे गव्हर्नर, शहराचे महापौर, बांधकाम व्यावसायिक, कामगार संघटना, बँका आणि मोठी वृत्तपत्रे योजनेच्या बाजूने होती. भराव पडावयाचा होता तो जुन्या, मोडकळीस आलेल्या धक्क्यांच्या पट्ट्यात. जहाजांची वर्दळ कधीच संपलेली, तक्ते कुजलेले आणि पाण्यातून नुसते लाकडी खांब वर डोकावत असलेले. १९७७ च्या अधिकृत पर्यावरण अहवालाने या पट्ट्यातील पाणी जीवसृष्टीच्या दृष्टीने दरिद्री ठरविले होते, आणि ज्याने ते दृश्य वरून पाहिले त्याला ते पटण्यासारखेही होते.

पण पाण्याखाली जाळे टाकून पाहिल्यावर निराळेच सत्य वर आले. १९७९-८० च्या हिवाळ्यात झालेल्या पाहणीत असे दिसून आले की, स्ट्राइप्ड बास या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोलाच्या माशाची पिले थंडीचे महिने याच मोडक्या धक्क्यांच्या खांबांमध्ये काढतात. नदीचा जोराचा प्रवाह तेथे मंदावतो, आसरा मिळतो आणि खाद्यही मिळते. माणसाने टाकून दिलेली जागा माशांनी पाळणाघर म्हणून पत्करली होती. केंद्र सरकारच्या मत्स्य, वन्यजीव व पर्यावरण या तिन्ही यंत्रणांनी भरावावर आक्षेप घेतले. तरीही लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने परवाना दिला. नागरिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. १९८२ मध्ये न्यायमूर्ती थॉमस ग्रीसा यांनी तो परवाना रद्द केला, आणि १९८५ मध्ये पुन्हा दिलेला परवानाही त्यांनी टिकू दिला नाही. अपील न्यायालयातही सरकारी पक्षाची सरशी झाली नाही, आणि सप्टेंबर १९८५ मध्ये योजना सोडून देण्यात आली. या मार्गासाठी राखून ठेवलेल्या रकमेतील मोठा भाग शहराच्या भुयारी रेल्वेकडे व बससेवेकडे वळविण्यात आला.

या निकालाची त्या काळी पुष्कळ टवाळी झाली. माणसांच्या रस्त्यापेक्षा माशांची पिले मोठी ठरली काय, असा प्रश्न सोयीस्करपणे विचारला गेला. वस्तुतः न्यायालयाने मासे मोठे की माणसे, याचा निवाडा केलेलाच नव्हता. न्यायालयाने म्हटले ते इतकेच की, ज्या कागदाच्या आधारे सार्वजनिक निर्णय घ्यावयाचा तो कागद खरा असला पाहिजे. नदी निर्जीव आहे असे लिहून परवाना मागणे आणि ती सजीव असल्याचे आढळल्यानंतरही तोच परवाना टिकवू पाहणे, ही गोष्ट माशांविरुद्धची नसून नागरिकांविरुद्धची होती. वेस्टवे पडला तो माशांमुळे हे खरे; पण मासे निमित्त होते, कारण असत्य होते. ज्या देशात प्रकल्पाचा निर्णय आधी होतो व त्याला शोभेलसा अहवाल नंतर लिहून घेतला जातो, त्या प्रत्येक देशाने हा धडा पाठ करण्याजोगा आहे.

त्या नदीची पुढची हकीकतही तितकीच उद्बोधक आहे. १९९८ च्या कायद्याने मॅनहॅटनच्या त्या किनाऱ्यावर सार्वजनिक उद्यान व पाण्यात अभयक्षेत्र निर्माण झाले, आणि जुन्या धक्क्यांचे उघडे खांब जागोजाग मुद्दाम तसेच राहू देण्यात आले. दरम्यान शास्त्रज्ञांनी एक बारकावा दाखवून दिला होता. नुसत्या उघड्या खांबांच्या रांगांमध्ये मासे चांगले वाढतात. पण ज्या धक्क्यांवर रुंद तक्तपोशी आहे त्यांच्या खालच्या अंधारात पिलांची संख्या कमी असते, आणि तेथे पिंजऱ्यात ठेवलेल्या पिलांचे वजनसुद्धा घटते. खांब तेच, पाणी तेच. फरक केवळ उजेडाचा. म्हणजे खांब चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. खांबावर काय ठेवले आहे, दोन खांबांमध्ये किती जागा सोडली आहे आणि खांब कोणत्या तळावर उभा आहे, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. सिएटल शहराने २०१७ मध्ये आपली जुनी समुद्रभिंत नव्याने बांधून पूर्ण केली, तेव्हा पाण्यावर आलेल्या पदपथात काचेच्या लाद्या बसविल्या. सामन माशांची पिले अंधार टाळतात व खोल पाण्यात जाऊन मोठ्या माशांच्या तोंडी पडतात, म्हणून त्यांच्या वाटेवर उजेड पडावा एवढाच त्यामागचा हेतू.

आणखी एक गुंतागुंत आहे ती जुन्या खांबांची. लाकूड टिकावे म्हणून त्यात क्रिओसोट नावाचे, दगडी कोळशापासून काढलेले डांबरी तेल मुरवीत असत. अशा खांबांवर हेरिंग मासे अंडी घालतात आणि ती अंडी त्या विषाने मरतात, असे सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील संशोधनाने दाखविले. वॉशिंग्टन राज्याने तर असे खांब उपटून काढण्याची मोहीमच हाती घेतली. पण त्याच प्रशांत किनाऱ्यावर ‘पर्पल मार्टिन’ ही पाकोळीसारखी चिमणी जात नाहीशी होण्याच्या बेतात असता, पाण्यात उभ्या असलेल्या खांबांवर घरट्यांच्या पेट्या लावून तिला पुन्हा वाढविण्यात आले. एकच खांब माशाच्या अंड्यांना स्मशान आणि पक्ष्याच्या पिलांना घर ठरू शकतो. सरसकट ठेवा म्हणणारे व सरसकट काढा म्हणणारे, दोघेही येथे चुकतात. प्रत्येक ठिकाणी उतरून पाहण्याला पर्याय नाही.

हे सारे परदेशचे झाले. मुंबईत काय झाले? किनारी रस्त्याचे वरळीजवळचे टोक सागरी सेतूला जोडणारा पूल समुद्रातून जातो. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांच्या बोटी ज्या वाटेने समुद्रात जातात व परत येतात, ती वाट याच पुलाखालून. मूळ आराखड्यात तेथील दोन खांबांमधील गाळा ६० मीटरांचा होता, आणि तो पुरेसा असल्याचे महापालिकेचे म्हणणे होते. कोळ्यांचे म्हणणे असे की, शांत पाण्यात मोजलेले ६० मीटर आणि पावसाळी लाटांत, वाऱ्यात व ओढीत समोरून दुसरी बोट येत असताना सापडणारे ६० मीटर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यांनी १६० मीटरांच्या गाळ्याची मागणी केली. समुद्रात उतरून काम अडविले. वर्षाहून अधिक काळ हा वाद चालला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून गाळा १२० मीटरांचा करण्याचे राज्य सरकारने मान्य केले. मागितले त्यापेक्षा कमी मिळाले. पण पुरेसे म्हणून सांगितले जात होते त्याच्या दुप्पट मिळाले.

या घटनेत दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली ही की, आराखडा बदलता येतो. तांत्रिक अडचण म्हणून जी पुढे केली जाते ती बहुधा खर्चाची, वेळेची किंवा प्रतिष्ठेची अडचण असते. दुसरी ही की, समुद्रात खांबापेक्षा खांबांमधली जागा अधिक मोलाची असते. तिच्यातून बोटी जातात, मासळी जाते, गाळ जातो आणि भरतीचे पाणी जाते. रस्त्यावरून जाणाऱ्याला हा गाळा जाणवतही नाही. त्याच्या खालून जाणाऱ्याचे मात्र पोट त्याच्यावर अवलंबून असते. प्रश्न असा पडतो की, जे डिसेंबर २०२२ मध्ये मान्य झाले ते आराखडा कागदावर असतानाच कोळीवाड्यात जाऊन विचारले असते, तर काय बिघडले असते? वाटाघाटीला लागलेला वेळ, थांबलेले काम, वाढलेला खर्च आणि बुडालेले हंगाम हे सगळे वाचले असते. आपल्याकडे लोकसुनावणी ही माहिती घेण्यासाठी नसून माहिती दिल्याची नोंद करण्यासाठी असते, हे त्याचे मूळ.

वास्तविक, प्रशासनाला सुधारणा सुचतच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. किनारी रस्त्याच्या पुलांसाठी चार-चार खांबांच्या जुडग्याऐवजी एकच जाड खांब रोवण्याचे तंत्र वापरले गेले, आणि त्यामुळे तळावरचे अतिक्रमण कमी झाले. अटल सेतूच्या काही भागात पोलादी तुळयांचा उपयोग करून १८० मीटरांपर्यंतचे गाळे ठेवण्यात आले. २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती बांधकामाच्या वाटेतून उचलून दुसरीकडे हलविण्यात आल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे, ही गोष्ट पुष्कळ मुंबईकरांना त्या निमित्तानेच समजली. परंतु यावरून दिसते ते हे की, बुद्धी व तंत्र यांची वाण नाही. उणीव आहे ती या गोष्टी अपवाद म्हणून न करता नियम म्हणून करण्याची.

पूर्व किनाऱ्यावरचे चित्र याहून नाजूक आहे. शिवडीच्या ज्या चिखलपट्टीवरून अटल सेतू निघतो, ती रोहित पक्ष्यांची चरण्याची जागा आहे. तेथून उत्तरेला पसरलेल्या ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. रोहित पक्षी खातो ते ओल्या चिखलातील व उथळ पाण्यातील सूक्ष्म शेवाळ व जीव. त्याला खांबावरच्या कालवांचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा खांबावर जीवसृष्टी बहरते हा युक्तिवाद शिवडीत लागू पडत नाही. तेथे प्रश्न चिखल किती उरला आणि त्याच्यावरून पाणी पूर्वीप्रमाणे येते-जाते किंवा नाही, हाच आहे. गाळ जेथे साचू लागतो तेथे तिवरे पुढे सरकतात व उघडा चिखल आकुंचित होतो. तिवरे वाढली म्हणून हिरवाई वाढल्याचा आनंद मानावा, तर पक्ष्यांचे ताट तेवढे लहान झालेले असते. निसर्गाच्या हिशेबात जमा आणि खर्च ही दोन्ही पाने वाचावी लागतात.

शिवाय खांबांवर जे उगवते ते सर्वच आपले असते असेही नाही. जहाजांच्या बुडाला चिकटून परदेशी जीव बंदरांत येतात, आणि धक्क्यांचे खांब हे त्यांचे पहिले मुक्कामाचे ठिकाण असते. कॅरिबियन समुद्राकडचा मायटिलॉप्सिस हा लहान शिंपला १९६७ साली विशाखापट्टणममध्ये आढळला आणि सत्तरीच्या दशकात मुंबईच्या गोदीतही त्याची नोंद झाली. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे सापडताच तेथील सरकारने बोटींचे तळ बंद करून व पाण्यात रसायने ओतून काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला. आपण दशकानुदशके त्याच्यासह राहत आहोत. समुद्रात रोवलेला प्रत्येक नवा खांब हा अशा पाहुण्यांसाठी नवी पायरी ठरू शकतो. म्हणून खांबावर काय वाढते आहे याची नोंद ठेवणे ही हौशी निसर्गप्रेमींची करमणूक नव्हे. ते किनाऱ्याच्या आरोग्यतपासणीचे काम आहे.

यावर कोणी असे म्हणेल की, मग पूल बांधूच नयेत काय? तसे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. सव्वा कोटींच्या वर वस्ती असलेल्या, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहराला पाणी ओलांडावेच लागेल. किंबहुना भराव आणि खांब यांत निवड करावयाची झाल्यास खांबच पत्करावा, हेच वेस्टवेचे व मुंबईचेही तात्पर्य आहे. किनारी रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर समुद्र भरावाने बुजविण्यात आला; तेथे ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवे व शिंपले वेचणाऱ्या कोळणींची जागा गेली ती कायमची गेली. भरावाखालचा समुद्र परत येत नाही. खांबांवरचा रस्ता निदान भरतीला वाट देतो. मात्र खांब ही भरावापेक्षा कमी हानीची गोष्ट आहे, एवढ्यावरून ती हानीच नाही, असे प्रमाणपत्र त्याला मिळत नाही. आणि ज्या रस्त्यावरून प्रामुख्याने खासगी मोटारीच धावणार, त्याच्यासाठी समुद्राकडून व कोळीवाड्यांकडून किती किंमत वसूल करावी, हा प्रश्नही न्यूयॉर्कच्या नागरिकांप्रमाणे मुंबईकरांनी विचारावयास हवा. त्यांनी एक महामार्ग गमावला आणि आपली भुयारी रेल्वे सावरली. तो सौदा वाईट झाला, असे आज तेथे फारसे कोणी म्हणत नाही.

करावयाचे काय, हे अवघड नाही. पहिले, कोणताही सागरी पूल आखण्यापूर्वी त्याच्या वाटेतील पाण्याची व तळाची पाहणी चारही ऋतूंत झाली पाहिजे. उन्हाळ्यातील दोन आठवड्यांच्या नमुन्यांवरून पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या मासळीविषयी मत देणे हा शास्त्राचा विनोद आहे; हडसनचे पाळणाघर हिवाळ्यात जाळे टाकले म्हणूनच सापडले. दुसरे, गाळ्याची रुंदी ठरविताना त्या वाटेने जाणाऱ्या तांडेलांची साक्ष बंधनकारक असावी, आणि ती आराखडा मंजूर होण्याच्या आधी घ्यावी. तिसरे, खांब ठोकावयाचा की खोदून बसवावयाचा, कोणत्या महिन्यांत काम थांबवावयाचे आणि खांबाचा पृष्ठभाग कसा असावा, या गोष्टी निविदेच्या अटींत याव्यात. गुळगुळीत काँक्रीटपेक्षा खाचाखोचा असलेल्या पृष्ठभागावर जीव अधिक थारा धरतात, हे आता जगभर मान्य झाले आहे, आणि त्यासाठी एकूण खर्चाच्या मानाने फार पैसा लागत नाही. चौथे, पूल झाल्यावर निदान दहा वर्षे त्याच्या खालच्या पाण्याची, गाळाची व मासळीची पाहणी होऊन ती दरवर्षी मराठीतून प्रसिद्ध व्हावी. पुलावरून किती मोटारी गेल्या याचे आकडे लगोलग मिळतात. पुलाखालून किती पाणी व किती मासळी गेली याचे आकडे सामान्य नागरिकाच्या हाती पडत नाहीत, ही विषमता संपली पाहिजे. पाचवे, जुन्या धक्क्यांचे व जेट्यांचे खांब काढताना वा ठेवताना सरसकट हुकूम न काढता, जागेवर तपासून निर्णय व्हावा.

यांपैकी एकही गोष्ट प्रकल्प थांबविणारी नाही. त्या प्रकल्पाला फक्त प्रामाणिक होण्यास भाग पाडतात. या किनाऱ्यावर पुढील दशकात आणखी शेकडो खांब समुद्रात उतरतील. ते शंभर वर्षे उभे राहावेत म्हणून काँक्रीटची ताकद प्रयोगशाळेत दाबून पाहिली जाते, पोलादाचा प्रत्येक गज मोजला जातो, खालच्या खडकाचे नमुने काढले जातात. इतकी काळजी जर खांबासाठी घेता येते, तर तिचा काही अंश दोन खांबांमधल्या पाण्यासाठी घेणे हे कोणत्याही महापालिकेच्या वा प्राधिकरणाच्या ऐपतीपलीकडचे नाही. खांब चुकला तर पूल पडतो आणि चौकशी समिती नेमली जाते. पाणी चुकले तर आवाज होत नाही. एका हंगामात मासळी कमी होते, पुढच्या हंगामात एक बोट विकली जाते, आणि काही वर्षांनी कोळीवाड्याचे फक्त नाव उरते. अशा पडझडीसाठी समिती नेमण्याची आपल्याकडे प्रथा नाही. म्हणूनच ती होण्यापूर्वी पाहणे आवश्यक आहे.